घरगुती संगणकाची गती वाढविण्याचे उपाय

घरगुती संगणकाची गती मंदावणे म्हणजे पूर्वी समाधानकारक चालणाऱ्या संगणकास सुरू होण्यास, फाइल उघडण्यास किंवा दिलेल्या आज्ञेस प्रतिसाद देण्यास पूर्वीपेक्षा बराच अधिक वेळ लागू लागणे होय. ही तक्रार सर्वत्र आढळते. तिची कारणे मात्र मोजकी असून बहुधा ती घरच्या घरी शोधता येतात. स्मृतीची टंचाई, हार्ड डिस्कची मंद किंवा बिघडत चाललेली अवस्था, संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारी अनावश्यक सॉफ्टवेअर, विषाणूंची लागण आणि अतिउष्णता ही त्यांतील प्रमुख कारणे होत. कारण न पाहता केलेला उपाय पुष्कळदा निष्फळ ठरतो, आणि क्वचित घरातील छायाचित्रे, हिशेब व लेखन कायमचे नष्ट होण्यास निमित्त होतो. म्हणून आधी कारण ओळखणे, मग माहितीची प्रत काढणे आणि त्यानंतरच दुरुस्तीस हात घालणे हा क्रम महत्त्वाचा मानला जातो.

पार्श्वभूमी

महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना २००१ मध्ये झाली आणि त्याच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने संगणक तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचविला. शासकीय नोकरीसाठी हे प्रमाणपत्र आवश्यक ठरल्याने सातारा व सांगली जिल्ह्यांतील असंख्य घरांत पहिला संगणक मुलांच्या या अभ्यासक्रमाच्या निमित्ताने आला. तो बहुधा सातारा, कराड, सांगली किंवा मिरजेच्या दुकानात सुटे भाग जोडून तयार केलेला असे. मोबाइल दूरध्वनी हाती आल्यावर यांतील कित्येक संगणक कपड्याने झाकून ठेवले गेले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागून शाळा घरात आल्या, तेव्हा ते पुन्हा बाहेर काढण्यात आले, आणि ते फार संथ झाले आहेत ही गोष्ट एकदम सर्वांच्या लक्षात आली.

वास्तविक अशा संगणकाचे यंत्र फारसे बदललेले नसते. त्याच्यावर पडणारा भार बदललेला असतो. स्विस संगणकशास्त्रज्ञ निक्लाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच असे निरीक्षण मांडले होते की, यंत्रे जितक्या वेगाने जलद होतात त्याहून अधिक वेगाने सॉफ्टवेअर जड होत जाते. विंडोज एक्सपीच्या काळात ५१२ एमबी स्मृती घरगुती वापरास पुरेशी होती. आज केवळ ब्राउझरमधील एखादे संकेतस्थळ तितकी स्मृती व्यापू शकते.

या दोन जिल्ह्यांत हवामान आणि वीज यांचीही भर पडते. महाबळेश्वर, जावळी, पाटण व शिराळा या पश्चिमेकडील तालुक्यांत पावसाळ्याचे चार महिने हवा ओलसर असते. महाबळेश्वरचे वार्षिक पर्जन्यमान साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे आहे. पूर्वेकडील माण, खटाव, आटपाडी व जत हे तालुके त्याउलट अवर्षणप्रवण व धुळीचे आहेत. मधल्या कृष्णाकाठच्या ऊस पट्ट्यात गाळप हंगामात काजळी उडते. एकाच प्रकारचा संगणक महाबळेश्वरात ओलाव्याने आणि जतमध्ये धुळीने त्रस्त होतो.

कारण ओळखणे

पहिला प्रश्न संगणक संथ आहे की इंटरनेट, हा होय. इंटरनेटची जोडणी बंद करून संगणकातीलच एखादे पत्र किंवा छायाचित्र उघडावे. ते झटकन उघडले तर दोष संगणकाचा नाही. त्याच जोडणीवर मोबाइलही अडखळत असेल तर दोष जोडणीचा किंवा वाय-फायचा असतो. वाई, मेणवली किंवा जुन्या साताऱ्यातील वाड्यांच्या जाड दगडी भिंती वाय-फायचा संकेत मोठ्या प्रमाणात अडवितात. अशा घरात नवा संगणक घेण्यापेक्षा राउटरची जागा बदलणे किंवा संगणकापर्यंत तार ओढणे अधिक उपयोगी पडते.

दोष संगणकाचाच असल्यास विंडोजमधील टास्क मॅनेजर हे साधन पाहावे. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की ते उघडते. विंडोज ८ पासून पुढच्या आवृत्त्यांत त्यात प्रोसेसर, स्मृती, डिस्क व नेटवर्क यांचा वापर टक्क्यांत दिसतो. संगणक सुरू करून पाच-दहा मिनिटे काहीही न करता थांबावे आणि मग हे आकडे वाचावेत, कारण सुरुवातीच्या काही मिनिटांत विंडोजची स्वतःचीच कामे चालू असतात.

प्रोसेसरचा आकडा सतत ८०-९० टक्क्यांवर राहत असेल तर तेथेच दिसणाऱ्या यादीत कोणते सॉफ्टवेअर तो व्यापते हे कळते. स्मृतीचा आकडा ८५-९० टक्क्यांच्या वर असेल तर स्मृती अपुरी आहे; अशा वेळी विंडोज जास्तीचा मजकूर डिस्कवर ठेवू लागते आणि डिस्क स्मृतीच्या मानाने फारच संथ असल्याने सारा संगणक रेंगाळतो. डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांवर आणि बाकीचे दोन्ही कमी, असे चित्र विंडोज १० चालविणाऱ्या जुन्या संगणकांत वारंवार आढळते. हे चित्र ओळखता आले की निम्मे काम झाले, कारण त्याचा उपाय जवळजवळ नेहमी एकच असतो आणि तो पुढे दिला आहे.

तीनही आकडे कमी असून संगणक तरीही संथ असेल, विशेषतः अर्ध्या तासानंतर संथ होत असेल, तर उष्णतेचा संशय घ्यावा.

माहितीची प्रत

संथ झालेली हार्ड डिस्क पुष्कळदा बिघडत चाललेली डिस्क असते. खराब झालेल्या जागेवरील मजकूर ती पुनःपुन्हा वाचण्याचा प्रयत्न करते आणि त्यात वेळ जातो. टक टक असा लयबद्ध आवाज येणे, एखादे विशिष्ट फोल्डर उघडतानाच संगणक गोठणे, फाइलींची नावे विचित्र दिसणे ही त्याची लक्षणे होत. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. स्मार्ट या नावाने ओळखली जाणारी ही नोंद क्रिस्टलडिस्कइन्फो यासारख्या विनामूल्य साधनाने वाचता येते. तीत खराब म्हणून बदललेल्या जागांची संख्या वाढत असल्यास त्या डिस्कवर कोणताही सफाईचा किंवा दुरुस्तीचा प्रयोग करू नये. चेकडिस्कसारखी दुरुस्तीची आज्ञासुद्धा संपूर्ण डिस्क तपासताना मरणासन्न डिस्कवर मोठा ताण टाकते. आधी माहिती बाहेर काढावी. तीतही प्रथम जे पुन्हा मिळणार नाही ते, म्हणजे छायाचित्रे, स्वतःचे लेखन, हिशेबाच्या वह्या व दस्तऐवजांच्या छायाप्रती. चित्रपट व गाणी शेवटी.

प्रत त्याच संगणकाच्या दुसऱ्या भागात ठेवणे निरुपयोगी असते. डी ड्राइव्ह व सी ड्राइव्ह हे बहुतेक घरांत एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्क गेली की दोन्ही जातात. प्रत शक्यतो दुसऱ्या घरात किंवा इंटरनेटवरील साठ्यातही असावी. सांगलीत २००५, २०१९ व २०२१ या वर्षी आलेल्या महापुरांचा हा धडा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ४५ फुटांची धोक्याची रेषा ओलांडून ५७ फुटांवर गेली, आणि अशा वेळी संगणक व शेजारच्याच कपाटातील त्याची प्रत एकाच पाण्यात जाते. पुरात भिजलेला संगणक चालतो का हे पाहण्यासाठी सुरू करू नये. आतील डिस्क काढून जाणकाराकडे द्यावी; यंत्र गेले तरी माहिती पुष्कळदा वाचते.

मराठी फॉन्ट आणि जुने लेखन

मराठी घरातील संगणकास लागू असणारी एक अडचण इंग्रजी मार्गदर्शिकांत आढळत नाही. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर सीडॅकचे आयएसएम, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी अशी सॉफ्टवेअर किंवा कृतीदेवसारखे फॉन्ट वापरून लिहिला जाई. लग्नपत्रिका, शाळांची नियतकालिके, संस्थांचे अहवाल, कुणाचे आत्मचरित्र, हे सारे या पद्धतीने पेजमेकर किंवा वर्डमध्ये टंकलिखित झालेले आहे. यांपैकी कृतीदेवसारख्या फॉन्टमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरांचीच सांकेतिक चिन्हे साठविलेली असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचे रूप देतो. फॉन्ट काढला की तीच फाइल रोमन अक्षरांचा अर्थहीन समूह म्हणून उघडते. मजकूर नष्ट झालेला नसतो, पण तो फॉन्ट पुन्हा मिळेपर्यंत वाचता येत नाही.

हे येथे सांगण्याचे कारण असे की, शेकडो फॉन्ट साठलेले असल्यास वर्डसारखे सॉफ्टवेअर व खुद्द विंडोज सुरू होण्यास विलंब लागतो, आणि सफाईत फॉन्ट काढून टाकण्याचा सल्ला हमखास दिला जातो. तसेच विंडोज नव्याने घालताना फॉन्टची आठवण कुणासच राहत नाही. त्यासाठी विंडोजच्या फॉन्ट्स या फोल्डरमधील मराठी फॉन्ट पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावेत, श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरची मूळ सीडी व यूएसबीस जोडावयाचे कुलूप जपून ठेवावे, आणि महत्त्वाचे लेखन परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडात आणून ठेवावे. परिवर्तनात रफार व जोडाक्षरे कधी कधी चुकतात. मुद्रितशोधन करणे भाग असते. युनिकोडातील मजकुरास ही अडचण राहत नाही. वाई येथे कार्यालय असलेल्या मराठी विश्वकोशाच्या नोंदी संकेतस्थळावर युनिकोडात आहेत आणि त्या कोणत्याही संगणकावर वेगळ्या फॉन्टविना वाचता येतात. नव्या लेखनासाठी विंडोजमध्ये इन्स्क्रिप्ट कळफलक पूर्वीपासून आहे, तर मे २०१९ च्या विंडोज १० आवृत्तीपासून उच्चारानुसारी मराठी कळफलकही अंतर्भूत आहे.

खर्चाविना होणारे उपाय

सर्वांत साधा उपाय संगणक रीस्टार्ट करणे हा आहे. विंडोज ८ पासून संगणक बंद करण्याच्या नेहमीच्या आज्ञेने तो पूर्णपणे बंद होत नाही. पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावा म्हणून कार्यप्रणालीचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जतन केला जातो. त्यामुळे रोज रात्री बंद होणारा संगणक प्रत्यक्षात कित्येक आठवडे नव्याने सुरू झालेलाच नसतो. रीस्टार्ट या आज्ञेने मात्र सारे नव्याने सुरू होते.

त्यानंतर संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या सॉफ्टवेअरची यादी तपासावी. ती टास्क मॅनेजरमध्येच स्टार्टअप या विभागात असते. विंडोज ७ मध्ये एमएसकॉन्फिग ही आज्ञा देऊन ती पाहता येते. छपाई यंत्राचे मदतनीस, गाण्यांचे व व्हिडिओ संभाषणाचे सॉफ्टवेअर, कधीकाळी जोडलेल्या मोबाइलचे सॉफ्टवेअर अशी दहा-पंधरा नावे तेथे सहज आढळतात. यांना डिसेबल केल्याने सॉफ्टवेअर नाहीसे होत नाही, ते फक्त आपोआप सुरू होत नाही. त्यामुळे हा उपाय निर्धोक आहे. विषाणुरोधक तेवढे राहू द्यावे. आयएसएम किंवा श्रीलिपीचा कळफलक या यादीत असल्यास तोही बंद करू नये, अन्यथा दुसऱ्या दिवशी मराठी उमटत नाही आणि त्याचे कारण कुणाच्या ध्यानी येत नाही.

सी ड्राइव्ह भरत आल्यास विंडोजला अद्ययावत होण्यास व तात्पुरत्या फाइली ठेवण्यास जागा उरत नाही. साधारणतः दहा ते पंधरा टक्के जागा मोकळी असावी. डिस्क क्लीनअप किंवा नव्या आवृत्तीतील स्टोरेज सेन्स यांनी तात्पुरत्या फाइली काढता येतात. परंतु घरगुती संगणकातील खरी अडगळ डाउनलोड्स या फोल्डरमध्ये असते: तोच अर्ज चार वेळा उतरविलेला, तीच चित्रफीत पाच ठिकाणी. डाउनलोड्सची सफाई हाताने करावी; यंत्रावर सोपवू नये, कारण कामाच्या पावत्याही तेथेच पडलेल्या असतात.

डिफ्रॅगमेंट ही आज्ञा, म्हणजे विखुरलेल्या फाइलींचे तुकडे सलग लावणे, ही फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कसाठी आहे. विंडोज ७ पासून ती ठरावीक काळाने आपोआप होते. सॉलिड स्टेट डिस्कला तिची आवश्यकता नसते.

ब्राउझर हा आजच्या संगणकातील सर्वांत मोठा स्मृतिभक्षक आहे. क्रोम व त्या पद्धतीचे ब्राउझर उघडलेल्या टॅबांसाठी बहुधा स्वतंत्र प्रक्रिया चालवितात. त्यामुळे एक टॅब कोलमडला तरी बाकीचे टिकतात, पण स्मृती अधिक लागते. चार जीबी स्मृतीच्या संगणकावर वीस टॅब उघडून ठेवणे म्हणजे खाटेवर वीस माणसे बसविणे होय. नको असलेले विस्तार काढावेत. अधिसूचना पाठविण्याची अनुमती मागणाऱ्या संकेतस्थळांना नकार द्यावा. कोपऱ्यात सतत उगवणाऱ्या जाहिरातींना पुष्कळदा विषाणू समजले जाते, पण त्या अनवधानाने दिलेल्या या अनुमतीतून येत असतात.

खिडक्यांच्या सावल्या, पारदर्शकता व हालचाली बंद केल्याने फार जुन्या संगणकास थोडा फरक पडतो, इतरांस जवळजवळ नाही. लॅपटॉपमध्ये वीजबचतीची योजना निवडलेली राहून गेली असल्यास प्रोसेसर मुद्दाम मंद चालविला जातो; ती योजना संतुलित करावी.

विषाणू व गतिवर्धक सॉफ्टवेअर

घातक सॉफ्टवेअरने संगणक मंदावतो ही समजूत खरी आहे, पण प्रत्येक मंदपणाचे ते कारण नसते. या क्षेत्राशी सातारा जिल्ह्याचा एक संबंध आहे. मूळचे सातारा जिल्ह्यातील कैलास काटकर यांनी पुण्यात गणकयंत्रे दुरुस्त करता करता संगणक दुरुस्तीस आरंभ केला. दुरुस्तीस येणाऱ्या संगणकांतील विषाणू काढण्यासाठी त्यांचे बंधू संजय यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधून १९९० च्या दशकात क्विक हील हे विषाणुरोधक आकारास आले. त्या काळी विंडोजमध्ये स्वतःचे संरक्षण नव्हते. विंडोज ८ पासून डिफेंडर हे विषाणुरोधक अंतर्भूत आहे. कोणतेही निवडले तरी एका वेळी एकच विषाणुरोधक चालू ठेवावे. दोन विषाणुरोधक प्रत्येक फाइल दोनदा तपासतात आणि संगणक संरक्षणामुळेच संथ होतो. बेकायदा उतरविलेले विंडोज, ऑफिस किंवा फोटोशॉप सक्रिय करणारी क्रॅक नावाची साधने हे घरगुती संगणकातील लागणीचे एक मोठे उगमस्थान आहे.

एका टिचकीत संगणक जलद करण्याचे आश्वासन देणारी सॉफ्टवेअर टाळणे श्रेयस्कर. विंडोजच्या रजिस्ट्रीची सफाई केल्याने जाणवण्याजोगी गती वाढत नाही, आणि अशा साधनांच्या वापरास खुद्द मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही. २०१७ मध्ये सीक्लीनर या लोकप्रिय सफाई-सॉफ्टवेअरची अधिकृत आवृत्तीच घातक भागासह वितरित झाली आणि ती सुमारे २० लाखांहून अधिक संगणकांवर पोहोचली.

याहून गंभीर प्रकार दूरध्वनीवरून घडतो. ‘तुमच्या संगणकात विषाणू आहे, आम्ही तो दुरुस्त करून देतो’ असे सांगून एनीडेस्कसारखे दूरनियंत्रण सॉफ्टवेअर घालावयास लावले जाते आणि बँकेचे खाते रिकामे केले जाते. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये या पद्धतीविषयी बँकांना सावध केले होते. कोणतीही कंपनी घरगुती संगणक संथ झाल्याचे पाहून स्वतःहून दूरध्वनी करीत नाही. अशी फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी. वेळ जितका कमी गेला तितकी रक्कम थांबविता येण्याची शक्यता अधिक.

उष्णता, धूळ व ओलावा

प्रोसेसर ठरावीक मर्यादेपलीकडे, साधारणतः ९० ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास, तापला की स्वतःचा बचाव करण्यासाठी आपली गती कमी करतो. सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत खोलीचेच तापमान चढलेले असते. त्यात पंख्याच्या पात्यांवर व उष्णताशोषकाच्या पट्ट्यांत धुळीचा थर बसला की आतील हवा खेळत नाही. सकाळी ठीक चालणारा आणि दुपारी रेंगाळणारा संगणक बहुधा या कारणाने तसा वागतो.

सफाईपूर्वी संगणक बंद करून तार भिंतीतून काढावी. मऊ कुंचला व हवेचा झोत पुरेसा होतो. झोत देताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, अन्यथा ते अतिवेगाने फिरून बिघडते. वीजपुरवठ्याची पेटी मात्र घरी उघडू नये. तार काढल्यानंतरही तिच्यात धोकादायक विद्युतभार काही काळ शिल्लक असतो. पाच-सहा वर्षे जुन्या संगणकात प्रोसेसर व उष्णताशोषक यांमधील लेप वाळलेला असतो. तो दुकानदाराकडून बदलून घेता येतो. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून वापरल्यास खालची छिद्रे झाकली जातात.

ओलाव्याचा परिणाम वेगळा असतो. स्मृतीच्या पट्टीच्या टोकांवर गंज किंवा मळ धरतो आणि पावसाळ्यात संगणक सुरूच होत नाही, मध्येच बंद पडतो किंवा दोनपैकी एकच पट्टी ओळखतो. शेवटच्या प्रकारात तो चालतो, पण निम्म्या स्मृतीवर, आणि म्हणून संथ. पट्टी काढून तिचे सोनेरी संपर्क स्वच्छ खोडरबराने हलके घासून पुन्हा घट्ट बसविणे हा दुकानांतील रूढ उपाय आहे व तो बहुधा लागू पडतो. घाट भागात संगणक आठवड्यातून दोन-तीनदा तासभर चालू ठेवण्याची पद्धत उपयुक्त आहे; त्याच्या स्वतःच्या उष्णतेने आतील भाग कोरडे राहतात.

वीज

भारनियमनाच्या वर्षांत या भागातील संगणकांनी अचानक बंद पडण्याचे असंख्य प्रसंग सोसले. आजही वळवाच्या पावसात वीज जाते, आणि शेतीपंप सुरू झाले की काही वस्त्यांवर दाब उतरतो. फाइल लिहिली जात असतानाच वीज गेली तर डिस्कवरील नोंदींत विसंगती निर्माण होते. सुरू होताना संगणक स्वतःची तपासणी करू लागतो आणि प्रत्येक वेळी विलंब लागतो. यूपीएस हा त्यावरील उपाय आहे. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत निकामी होते, पण पेटीवरचा दिवा लागत राहिल्याने ते वीज जाईपर्यंत कळत नाही. काम पुरे करण्यासाठी यूपीएस नसतो. तो संगणक नीट बंद करण्यापुरती पाच-दहा मिनिटे देतो.

स्मृती व सॉलिड स्टेट डिस्क

वरील उपायांनंतरही टास्क मॅनेजरमध्ये डिस्क शंभर टक्क्यांवर दिसत असेल तर हार्ड डिस्कच्या जागी सॉलिड स्टेट डिस्क बसविणे हा सर्वांत परिणामकारक उपाय होय. घरगुती संगणकात एका खर्चाने इतका फरक दुसऱ्या कोणत्याही गोष्टीने पडत नाही.

त्याचे कारण यंत्ररचनेत आहे. हार्ड डिस्कमध्ये चकती मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्या घेते आणि वाचक काटा योग्य जागा येण्याची वाट पाहतो. ५४०० फेऱ्यांच्या डिस्कला एका फेरीस सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. एक मोठी फाइल सलग वाचताना हा विलंब जाणवत नाही. पण विंडोज सुरू होताना हजारो लहान फाइली ठिकठिकाणाहून वाचाव्या लागतात आणि अशी वाचने हार्ड डिस्क सेकंदाला शे-दीडशेच्या आसपासच करू शकते. सॉलिड स्टेट डिस्कमध्ये फिरणारा भागच नसल्याने ती हीच वाचने सेकंदाला हजारोंच्या संख्येने करते. म्हणून दहा वर्षे जुन्या संगणकातही सुरू होण्याचा काळ काही मिनिटांवरून अर्ध्या-पाऊण मिनिटावर येऊ शकतो.

जुन्या संगणकास साटा जोडणीची अडीच इंची डिस्क चालते. कार्यप्रणालीसाठी २४० किंवा २५६ जीबीची डिस्क पुरेशी असते. जुनी हार्ड डिस्क सुस्थितीत असल्यास छायाचित्रांसाठी दुसऱ्या जोडणीवर ठेवता येते. जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्या डिस्कवर काढता येते, पण जुनी अडगळही सोबत येते. विंडोज नव्याने घालणे अधिक चांगले, अर्थात फॉन्ट व माहिती बाहेर काढल्यानंतरच.

स्मृती वाढविताना पट्टीचा प्रकार पाहावा लागतो. डीडीआर२, डीडीआर३, डीडीआर४ व डीडीआर५ या पट्ट्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत. लॅपटॉपची पट्टी आखूड असते. विंडोजची ३२ बिटची घरगुती आवृत्ती चार जीबीपेक्षा अधिक स्मृती वापरूच शकत नाही, प्रत्यक्षात तीन-साडेतीन जीबीच वापरते. अशा संगणकात आठ जीबीची पट्टी घालणे हा पैशांचा अपव्यय होय. विंडोज १० किंवा ११ वर ब्राउझर व ऑफिस यांपुरत्या वापरासाठी आठ जीबी सोयीची ठरते.

कार्यप्रणाली

मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचे समर्थन ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले. विंडोज १० च्या घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून आणखी एक वर्ष सुरक्षाविषयक दुरुस्त्या मिळविण्याची सोय देण्यात आली. विंडोज ११ ला चार जीबी स्मृतीबरोबरच टीपीएम २.० ही सुरक्षाचिप व तुलनेने अलीकडचा प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत बहुधा आठव्या पिढीपासूनचा. त्यामुळे चांगले चालणारे अनेक संगणक या आवृत्तीस अपात्र ठरतात. विंडोज ७ वर चिकटून राहणेही सोपे उरलेले नाही. फेब्रुवारी २०२३ पासून क्रोमच्या नव्या आवृत्त्या त्यावर चालत नाहीत.

अशा संगणकास लिनक्स हा पर्याय आहे. लिनक्स मिंट दोन जीबी स्मृतीवर चालते, चार जीबीवर सुखाने. लुबंटू त्याहून हलके आहे. सीडॅकने विकसित केलेली बॉस ही भारतीय भाषांना अनुकूल अशी लिनक्सवरच आधारित कार्यप्रणाली आहे. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून आधी पाहता येते. त्यात डिस्कवरील काहीही बदलत नाही. मराठी लेखन इन्स्क्रिप्टने करता येते. श्रीलिपी, पेजमेकर आणि टॅली यांवर ज्यांचे काम अवलंबून आहे त्यांना मात्र हा पर्याय गैरसोयीचा ठरतो.

दुरुस्ती केव्हा थांबवावी

स्मृती डीडीआर२ प्रकारची, प्रोसेसर दोन गाभ्यांचा व पंधरा वर्षांपूर्वीचा, आणि मदरबोर्डवरील धारित्रे फुगलेली असल्यास त्या संगणकावर खर्च करण्यात अर्थ नसतो. केवळ तारीख चुकत असेल व संकेतस्थळे सुरक्षित नसल्याचा इशारा देत असतील तर तो वार्धक्याचा दोष नाही. मदरबोर्डवरील सीआर २०३२ ही नाण्याएवढी बॅटरी बदलली की तो दूर होतो.

निकामी संगणक भंगारात देण्यापूर्वी त्यातील डिस्क काढून घ्यावी. फाइली पुसल्याने किंवा कचरापेटी रिकामी केल्याने हार्ड डिस्कवरील मजकूर लगेच नाहीसा होत नाही. तो परत मिळविणारी साधने सहज उपलब्ध आहेत. काढलेली डिस्क यूएसबी पेटीत बसवून वापरता येते. उर्वरित यंत्र ई-कचरा म्हणून गणले जाते आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार त्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानांत सुटे भाग जोडून तयार केलेल्या संगणकास एकच उत्पादक नसतो. असे संगणक नोंदणीकृत पुनर्प्रक्रियाकाराकडे अथवा त्याच्या संकलन केंद्राकडे द्यावेत.